म्हातारीचं ऐकतो कोण?

आमच्या वाचनकट्ट्यावर गेल्या महिन्यात भांडण झालं, तेही एका म्हातारीवरून. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही बारा-पंधरा जण सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. पावसाळ्यात काय वाचायचं हे ठरत होतं, आणि एका तरुण सदस्येने अगाथा ख्रिस्ती या इंग्लिश लेखिकेच्या, खून उकलणाऱ्या मिस मार्पल या खेड्यातल्या म्हातारीच्या कादंबऱ्या सुचवल्या. बाराच्या बारा, ओळीने. इंग्लंडमधलं टुमदार खेडं, चर्च, पाद्रीबुवांचं घर, गुलाबाचे ताटवे, चारचा चहा आणि या सगळ्याच्या मधोमध एक प्रेत. निवृत्त प्राध्यापक असलेले आमचे एक सर ताडकन म्हणाले, "ही बाळगुटी आहे. चाटवली की वाचक झोपतो." आजूबाजूला रोज खरे खून पडत असताना खुनाची करमणूक करणं हा संवेदनेचा अपमान आहे, असंही त्यांनी ऐकवलं. ती म्हणाली, "सर, दिवसभर ऑफिस, वर दोन तास लोकल. डोक्याला ताप नको म्हणून वाचते मी. यात कुणाचं काय गेलं?" पुढचा पाऊण तास हीच दोन वाक्यं कपडे बदलून येत राहिली. 'पलायनवाद' आणि 'विरंगुळा' हे शब्द इतक्यांदा आदळले, की चहा आला तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

त्या दोघांचं एका बाबतीत अगदी एकमत होतं आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही. ही पुस्तकं मऊ आहेत, हे दोघांनीही धरूनच चाललं होतं. एकाला मऊ म्हणून नकोत, दुसरीला मऊ म्हणून हवीत. मला हे गृहीतकच मान्य नाही. गेली तीस वर्षं मी ही पुस्तकं आवडीने, काही तर चार-चार वेळा वाचली आहेत, आणि माझं म्हणणं असं, की त्यातला आनंद गोडव्यातून येत नाही, संशयातून येतो. मिस मार्पलचं सेंट मेरी मीड हे गाव सुखाचं स्वप्न म्हणून लिहिलेलंच नाही. या पुस्तकांत एक स्वप्न आहे हे खरं, पण ते गुलाबाच्या ताटव्यांत नाही. ते कुठे आहे याकडे येतेच; आधी सरांच्या बाजूचं जे बळकट आहे ते बघू.

सरांच्या पाठीशी मोठी माणसं उभी आहेत. 1944 मध्ये रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथाकाराने एक गाजलेला निबंध लिहून इंग्लिश रहस्यकथेची सालं काढली होती. खून करणारी माणसं काही तरी कारणाने खून करतात, लेखकाला प्रेत हवं म्हणून नव्हे, असा त्याचा टोला होता. पुढच्याच वर्षी एडमंड विल्सन या समीक्षकाने तर शीर्षकातच विचारलं, की रॉजर ॲक्रॉइडला कुणी का मारेना, पर्वा कुणाला आहे? (ख्रिस्तीच्या ज्या कादंबरीची त्याने अशी टर उडवली, तिच्यात डॉक्टरची एक बहीण आहे. घराबाहेर न पडता तिला अख्ख्या गावाची खबर असते. मिस मार्पलचं मूळ बहुधा या पात्रात असावं, असं ख्रिस्तीने नंतर आत्मचरित्रात म्हटलंय. विल्सनसाहेबांना पर्वा नव्हती, पण लेखिकेला होती.) आणि कवी डब्ल्यू. एच. ऑडेन, जो स्वतः या पुस्तकांचा व्यसनी होता आणि तसं 1948 मध्ये त्याने उघड कबूल केलं, त्याने तर सरांच्या हातात आयतंच कोलीत दिलं. त्याचं म्हणणं, गाव जितकं नंदनवनासारखं तितका तिथला खून जास्त खटकतो. वाचकाला हवं असतं ते नंदनवन परत मिळणं. खुनी सापडला, डाग पुसला, सगळे पुन्हा निष्पाप. हे वर्णन इतकं सुरेख आहे की पाऊणशे वर्षं लोक ते पडताळून न पाहता वापरत आले आहेत.

पडताळायला फार लांब जावं लागत नाही. 1930 मध्ये आलेली मार्पलची पहिली कादंबरी गावचा पाद्री सांगतो. सुरुवातीलाच, जेवणाच्या टेबलावर मांस कापता कापता हा धर्मोपदेशक म्हणून जातो, की गावातल्या एका कर्नलचा कुणी खून केला तर जगावर उपकारच होतील. ही नंदनवनातली भाषा आहे? त्याची तरुण बायको मार्पलबाईला गावातली सगळ्यात वाईट भोचकभवानी म्हणते. तिला सगळं कळतं आणि ती त्यातून वाईटातला वाईट अर्थ काढते. म्हणजे नायिकेची ओळख आपल्याला करून दिली जाते ती अशी! पाद्रीबुवा तर दोन म्हाताऱ्यांची तुलना करून सांगतात, की पांढऱ्या केसांची ही गोड बाई दोघींत जास्त धोकादायक आहे. पुढे तिचा भाचा रेमंड येतो. तो लंडनचा नव्या वळणाचा लेखक आहे. तो म्हणतो, हे गाव म्हणजे साचलेलं डबकं आहे. मावशी शांतपणे उत्तर देते, की बाळा, उपमा काही बरी नाही जमली. डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्याच्याइतकं जिवंत दुसरं काही नसतं. आमच्या सरांचा आक्षेप ख्रिस्तीने 1930 सालीच, पहिल्याच पुस्तकात, एका जरा शिष्ट भाच्याच्या तोंडी घालून ठेवलाय. आणि त्याला मिळालेल्या उत्तरात 'डबकं' नाकारलेलं नाही. फक्त त्यात काय वळवळतं ते बघायला सांगितलं आहे.

खेड्याविषयीची ही साशंकता इंग्लिश रहस्यकथेत ख्रिस्तीच्याही आधीपासून आहे. 1892 मधल्या एका कथेत शेरलॉक होम्स आगगाडीतून हिरवीगार शेतं आणि विखुरलेली घरं बघतो. वॉटसन खूश होतो, होम्स मात्र म्हणतो, की लंडनच्या अत्यंत गलिच्छ बोळांपेक्षा या हसऱ्या मुलखात जास्त भयंकर पापं घडतात. कारण बोळातली किंकाळी शेजाऱ्याला ऐकू येते, इथली येत नाही. हे वाचताना मला दर वेळी आपलं एक भाषण आठवतं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना विचारलं होतं, की खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा नाही तर दुसरं काय आहे? दोघांच्या बोलण्याची पातळी अर्थातच वेगळी. एक करमणुकीतलं पात्र, दुसरा ज्याने ते खेडं अंगावर झेललं असा माणूस. पण ज्यांना वाटतं की खेड्यातली रहस्यकथा म्हणजे खेड्याची आरती, त्यांनी निदान एवढं लक्षात घ्यावं, की या प्रकाराचा पाया आरतीवर रचलेला नाही.

आता सरांनी जे बोलायला हवं होतं आणि बोलले नाहीत, ते मीच बोलते, कारण विरोधी बाजू यापेक्षा चांगली मांडता आली असती. या कादंबऱ्यांत वर्गाचा तोरा आहे. मोलकरणी बहुतेक वेळा बावळट, तोंड उघडं टाकून ऐकणाऱ्या. परदेशी माणूस आला की तो हमखास आरडाओरडा करणारा. 1950 च्या कादंबरीत युरोपातून जीव वाचवून आलेली एक स्वयंपाकीण आहे. तिच्या भीतीची जी थट्टा केलीय ती आज वाचवत नाही. महायुद्ध संपून पाच वर्षंही झाली नव्हती, तेव्हा त्या भीतीला कारण नव्हतं काय? दुसरं, ही 'इंग्लिश खेड्याची' आवड कशाची आवड आहे, हा प्रश्नही खोटा नाही. 2011 मध्ये अशाच एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मात्याने मुलाखतीत सांगून टाकलं, की आमची मालिका हा इंग्लिशपणाचा शेवटचा बुरूज आहे आणि त्यात इतर वंशाची माणसं घातली तर ती चालायची नाही. त्याला निलंबित केलं गेलं ते ठीक, पण तो जे बोलला ते पुष्कळ प्रेक्षकांच्या मनात न बोलता असणारच. आणि तिसरा मुद्दा सगळ्यात टोचणारा. विणकाम करणारी ही आजी फाशीची कडवी समर्थक आहे. एका कथेत खुन्याला फाशी झाल्याचं सांगताना ती म्हणते, छान झालं, आणि माणुसकीच्या नव्या कल्पनांविषयी आपल्याला अजिबात सहानुभूती नाही असंही बजावते. इंग्लंडमध्ये शेवटची फाशी 1964 मध्ये झाली. त्याआधीच्या मार्पल कादंबऱ्यांत शेवटचा चहा होतो तेव्हा पडद्याआड दोर तयार असतो.

हे तिन्ही आक्षेप मी मान्य करते. फक्त तिसऱ्या आक्षेपाने पहिल्याच गृहीतकाचं काय होतं बघा. ज्या बाईच्या तोंडी हे वाक्य आहे ती बाळगुटी कशी? सुचवणाऱ्या मुलीच्या 'कुणाचं काय गेलं'लाही यात उत्तर आहे: या पुस्तकांत दर वेळी कुणाचं तरी काही तरी जातं, आणि लेखिका ते विसरू देत नाही. वर्गाच्या तोऱ्याचं म्हणाल तर 1953 च्या कादंबरीतली ग्लॅडिस घ्या. अनाथाश्रमातली मुलगी, दिसायला सामान्य, डोक्याने मंद, कुणी जरा गोड बोललं की भुलणारी. मार्पलबाईंनीच तिला घरकामाचं शिक्षण दिलेलं. एका पैसेवाल्या घरात तीन खून होतात, त्यात मधला तिचा. मारेकऱ्याने जाताना तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवलेला असतो. त्या घरात ती कुणाच्याच खिजगणतीत नाही. पोलिसांनाही रस धन्याच्या मृत्यूत. म्हातारी गाडी पकडून त्या घरी येऊन थडकते ती त्या चिमट्यासाठी. मेलेल्या मुलीची चेष्टा केली, हे तिला सहन होत नाही. कादंबरीच्या शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पाठोपाठ संताप येतो. ज्या घराण्यातल्या वारशासाठी हा सगळा खटाटोप, त्या घराण्यातल्या कुणासाठी तिने टिपूस गाळलेलं नाही. तोरा आहे, मोलकरणीची टिंगलही आहे, मान्य. पण सबंध पुस्तकाचं नैतिक वजन कुणाच्या बाजूला टाकलंय, हेही मोजायला नको?

या म्हातारीचं शास्त्र काय, हे एकदा नीट सांगायला हवं, कारण तिथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. तिच्याकडे प्रयोगशाळा नाही, अधिकार नाही, पिस्तूल नाही. तिच्याकडे आहेत उपमा. समोरचा बँकवाला तिला मासेवाल्याच्या पोराची आठवण करून देतो, नटी आठवण करून देते शेजारच्या कुणाची. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच, यावर ती ठाम आहे. पण उपमेवर ती थांबत नाही. नखं चावलेली होती की कापलेली, दिवा कुठल्या कोपऱ्यात होता, बागेत कोण काय हातात न घेता गेलं, अशा गोष्टींवर ती तपासून बघते. ख्रिस्तीने आपल्या सावत्र आजीबद्दल लिहिलंय, की ती आनंदी स्वभावाची होती, पण प्रत्येकाकडून वाईटाचीच अपेक्षा धरायची आणि भीती वाटावी इतकं ते खरं निघायचं. हे रसायन तिने मार्पलला दिलं. आणि एक काळही दिला. मार्पलची पहिली कथा 1927 च्या डिसेंबरात छापून आली. पहिल्या महायुद्धानंतर, 1921 च्या जनगणनेत, इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा बायका सुमारे 17 लाखांनी जास्त निघाल्या होत्या, आणि वर्तमानपत्रं त्यांना सरळ 'जादा बायका' म्हणत होती. मार्पल वयाने त्या पिढीच्या आधीची, पण वाचकांच्या घराघरांत अशी एक 'जादा' बाई होतीच: अविवाहित, बिनकामाची, खिडकीशी बसलेली. तिच्या रिकामपणाला ख्रिस्तीने काम दिलं, आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या ज्ञानाला पुराव्याचा दर्जा.

इथे एक हरकत येईल, आणि ती आमच्या कट्ट्यावर आली नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. खास करून बायकांना ती सुचायला हवी होती. खिडकीशी बसलेल्या म्हातारीची ही नजर म्हणजे पहाराच की. आमच्या तालुक्याच्या गावी, वाड्याच्या ओट्यावर, माझी एक आत्या अशीच बसायची. एकदा सकाळी ती म्हणाली, "समोरच्यांच्या दोरीवर कालचंच धोतर आहे." तेवढ्यावरून माणसं पाठवली, तर ते आजोबा मोरीत पडलेले, मांडीचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. मार्पल-आत्या, असं मी पुढे तिचं नाव ठेवलं. पण याच आत्याला हेही माहीत असायचं, की कुणाची सून माहेरून एक दिवस उशिरा आली, कुणाची मुलगी लायब्ररीच्या नावाखाली कुठे गेली, कुणाच्या विधवा बहिणीने नवं पातळ घेतलं. आम्ही मुली पुण्या-मुंबईला पळालो त्यामागे शिक्षण होतं, नोकरी होती, आणि या ओट्यापासून सुटकाही होती. फ्लॅटच्या बंद दाराला आपण नावं ठेवतो, पण त्या दारासाठी पुष्कळ बायकांनी किंमत मोजलेली आहे. मग तीच पाळतखोर म्हातारी पुस्तकात भेटली की आपण तिला डोक्यावर का घ्यायचं?

मला यावर दोन उत्तरं सुचतात. पहिलं असं, की कुजबुज आणि शोध यांत जो फरक आहे तो ख्रिस्तीला पक्का ठाऊक होता. 1942 च्या कादंबरीत एका निवृत्त कर्नलच्या वाचनालयात एका अनोळखी तरुणीचं प्रेत सापडतं. गावाचा निकाल दुपारपर्यंत लागलेला असतो. कुणी त्याला तोंडावर काही म्हणत नाही. फक्त जेवणाची आमंत्रणं रद्द होतात, सभेत बोलावणं येत नाही. मार्पल धावपळ करते ती मुख्यतः एवढ्यासाठी, की खुनी सापडला नाही तर हा म्हातारा झिजून झिजून मरेल. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात, आणि ते इतकं मुरलेलं आहे की महाराष्ट्राला 2016 मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आणखी एका जुन्या कथेत स्कॉटलंड यार्डचा माजी प्रमुख म्हणतो, की चार संशयितांपैकी एक गुन्हेगार असेल, पण उरलेल्या तीन निर्दोषांचं काय? त्यांच्यावरची सावली कोण दूर करणार? कुजबुजीला असल्या सावलीशी देणंघेणं नसतं. तिला निष्कर्ष मिळाला की तिचं पोट भरतं. मार्पलचं काम निष्कर्षानंतर सुरू होतं. धूर दिसला म्हणजे आग असणारच असं गाव म्हणतं, आणि धूर मुद्दाम कुणी केला असेल तर, असं ती विचारते.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. नजर असणं-नसणं बाजूला ठेवून नजर कुणावर पडते ते बघायला हवं. आमच्या आत्याची नजर सुनेवर, मुलीवर, विधवेवर, गड्यावर होती, मालकावर नव्हती. मालक रात्री कुठून आला हे तिला कळत असणारच, पण ते 'बघायचं' नसतं असं तिला शिकवलेलं होतं. मार्पलची नजर वर जाते. कर्नल, डॉक्टर, वकील, कारखानदार, कुणीच तिच्या लेखी वंद्य नाही. गोड बोलणाऱ्या, देखण्या, खानदानी माणसाबद्दल तर तिला आधी संशय. 1950 च्या कादंबरीत ती म्हणते, की पूर्वी गावात कोण कुणाचा हे ठाऊक असायचं, आता कोणीही रेशनकार्ड घेऊन येतो आणि जे सांगेल ते आपण खरं मानतो. हे वाक्य जुन्या दिवसांचा उसासा म्हणून उद्धृत करतात. कादंबरी मात्र पुढे काय दाखवते? जुनी ओळख, चांगलं घर, सालस वागणूक यांवर ठेवलेला विश्वासच सगळ्यात महागात पडतो. युद्धाने कागदपत्रांची उलथापालथ केली हे खरं, पण विश्वास ठेवणारे डोळे जुनेच होते.

मग आपल्याकडे असं का लिहिलं गेलं नाही? मराठीत रहस्यकथेला तोटा नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळा पहाड हे मुंबईचे, वेगाचे, हाणामारीचे नायक होते. हौशी तपास करणारा पोरगा भा. रा. भागवतांनी दिला, आणि तो फुरसुंगीचा. पण फास्टर फेणेची धाव गावाबाहेरच. गावच्या पारावर किंवा ओट्यावर बसून गावातलाच खून उकलणारी म्हातारी मराठीत घर करून राहिली नाही. यावर 'आमच्याकडे वाचक नाही' वगैरे नेहमीचं रडगाणं मला पटत नाही. मला वाटतं कारण असं, की आपल्या गावात खून हे बहुधा कोडं नसतं. ते उघड गुपित असतं. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं, तेव्हा 'कोणी केलं' हा प्रश्न गावापुढे नव्हता. 'कोण सांगणार' हा होता. अशा ठिकाणी शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करणारी म्हातारी आणली तर ती विनोदी होईल, किंवा किळसवाणी. सरांनी हे उदाहरण दिलं असतं तर मी त्या दिवशी गप्प बसले असते.

गप्प बसून घरी येऊन विचार केला असता, आणि तरी इथेच पोचले असते. कारण या उदाहरणामुळेच कळतं, की मार्पल-कथांमधली खरी परीकथा कोणती. शांत गाव ही परीकथा नाही, ते गाव शांत नाहीच. शेवटी न्याय मिळतो, ही थोडीफार आहे, पण तशी ती निम्म्या जगाच्या कथांत असते. खरी परीकथा ही, की स्कॉटलंड यार्डचा माजी प्रमुख एका विणकाम करणाऱ्या म्हातारीसमोर खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, सांगा बाई. आणि ती धोब्याचं, मासेवाल्याचं, पडद्यांचं बोलते, आणि तो ते ऐकतो. कपाळाला आठ्या पाडणारा इन्स्पेक्टर स्लॅकही असतो, पण त्याच्यावर मात होते. प्रत्यक्ष इंग्लंडात काय झालं होतं? 1860 मध्ये विल्टशरमधल्या रोड नावाच्या गावात, एका प्रतिष्ठित घरात, चार वर्षांचाही नसलेला मुलगा रात्री मुलांच्या खोलीतून नेऊन मारला गेला. लंडनहून आलेल्या व्हिचर या इन्स्पेक्टरने घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर बोट ठेवलं. त्याचा आधार काय, तर तिच्या तीन रात्रझग्यांपैकी एक गहाळ होता. धुण्याच्या कपड्यांचा हिशेब लागत नव्हता. वकिलाने त्या झग्याची भर कचेरीत खिल्ली उडवली. व्हिचर हा माळ्याचा पोरगा; त्याने सभ्य घरातल्या मुलीच्या कपड्यांची उलथापालथ केली म्हणून देश खवळला आणि त्याची कारकीर्द मातीत गेली. पाच वर्षांनी, 1865 मध्ये, त्या मुलीने स्वतःहून कबुली दिली. धुण्याची यादी ही पुराव्याची गोष्ट असू शकते हे मानायला ज्या समाजाला एवढं जड गेलं, त्याच समाजात साठ-सत्तर वर्षांनी एक लेखिका धुण्याच्या यादीवरून खून उकलणारी बाई उभी करते, याला बाळगुटी म्हणायचं की जुन्या हिशेबाची वसुली?

म्हणून मी त्या मुलीलाही सांगितलं, की डोक्याला ताप नको म्हणून वाचत असशील तर वाच, पण पुस्तकाला तेवढंच समजू नकोस. आणि सरांना म्हटलं, पलायन आहे, कबूल. पण माणूस कशापासून पळून कुठे जातो ते बघायला नको का? बाई बोलली आणि अधिकाऱ्याने लिहून घेतलं, अशा जागी जाऊन बसावंसं वाटणं हे मला लाजिरवाणं वाटत नाही. आज आपल्या गावात घरोघर जाणारी, कुणाच्या घरात काय शिजतंय आणि काय जळतंय हे जाणणारी बाई आहेच. आशाताई आहे, अंगणवाडीच्या ताई आहेत. माहितीसाठी पोलीस पाटील हे पद तर कायद्यानेच ठेवलं आहे. कुणा मराठी लेखिकेला अशी मालिका लिहावीशी वाटली तर तिला माहितगार बाई शोधावी लागणार नाही. तिला शोधावा लागेल तो खुर्ची ओढून बसणारा माणूस.

सरांनी शेवटी 1953 ची कादंबरी वाचायचं मान्य केलं, एका अटीवर: फाशीवर वेगळी चर्चा. ती होईल, आणि मी त्यांच्या बाजूने बोलणार आहे. मला मात्र त्या रात्री आत्याची आणखी एक गोष्ट आठवत राहिली, जी मी कट्ट्यावर सांगितली नाही. 1984 सालची असेल. आमच्या आळीतल्या एका घरातली तरुण सून जळून गेली. स्टोव्हचा भडका उडाला म्हणाले. पोलीस आले, पंचनामा झाला. पंच म्हणून आळीतलेच दोघे पुरुष उभे राहिले, सह्या झाल्या. आत्या दिवसभर ओट्यावर बसून होती. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि तीही उठून गेली नाही. संध्याकाळी परसात भांडी विसळता विसळता ती आईला हळूच म्हणाली, "त्यांच्याकडे दिवाळीपासून गॅस आहे. स्टोव्ह माळ्यावर टाकलाय."